गुडघ्याचा पट्टा घेताय? आधी शिंप्याची टेप शोधा

आमच्या घरी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये तीन नी कॅप पडून होत्या. एक बाबांनी मेडिकलमधून आणलेली, एक आत्याने "मला घट्ट होतेय, तू वापर" म्हणून आईला दिलेली, आणि एक मी ऑनलाइन सेलमध्ये मागवलेली, जिच्यात चार चुंबकं शिवलेली होती. आईच्या गुडघ्यावर यातली एकही दोन दिवसांच्या वर टिकली नाही. बाबांवाली घसरून पोटरीवर यायची, आत्यावाली काढली की मांडीवर वळ, आणि चुंबकवालीला घामाचा असा वास लागला की तिची ड्रॉवरमधूनही हकालपट्टी झाली. गुडघा दुखायचा तो दुखतच होता. शेवटी फिजिओकडे गेलो तर त्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पट्टा कशासाठी हवाय? चालायला, जिना उतरायला, की खाली बसून भाजी निवडायला?" आम्ही दोघी एकमेकींकडे बघत बसलो, कारण आमच्याकडे उत्तर एकच होतं, गुडघा दुखतो म्हणून.

तर पट्टा निवडायचं निम्मं काम या प्रश्नाच्या उत्तरात होतं हे मला तेव्हा कळलं, आणि उरलेलं निम्मं टेपने होतं. त्या दिवसापासून आमच्या बिल्डिंगमधल्या निदान पाच-सहा जणींना मी पट्टे घ्यायला मदत केलीय, त्यामुळे एकदा सगळं नीट लिहून टाकते. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगते. हे रोजच्या चालण्या-फिरण्यापुरतं आहे, म्हणजे वयाने झिजलेले गुडघे, ज्याला आपण "गॅप कमी झालाय" म्हणतो ते. पडून मार लागलाय, खेळताना गुडघा पिरगळलाय, ऑपरेशन झालंय, तर तो विषय वेगळा, तिथे पट्टा डॉक्टर सांगतील तोच.

आधी दोन दिवस नुसतं बघा

दुकानात जायच्या आधी कॅलेंडरच्या मागे लिहा, गुडघा नेमका कधी दुखला. आईने लिहिलं ते असं होतं: जिना उतरताना, मोरीतल्या बुटक्या स्टूलवरून उठताना, आणि भाजी घेऊन परत येताना शेवटची दहा मिनिटं. संध्याकाळी मालिका बघताना पाय लांब करून बसली की काहीच नाही. म्हणजे चोवीस तासांतले जेमतेम दोन-अडीच तास तिला आधार हवा होता आणि आम्ही मात्र तिला सकाळी आंघोळीनंतर पट्टा चढवून रात्री झोपताना काढायला लावत होतो. वर "अगं घालून ठेव, घालून ठेव" म्हणून तिच्या मागे लागत होतो.

उतरतानाच का दुखतं, तर त्यालाही कारण आहे. जर्मनीत कृत्रिम गुडघ्याच्या आत सेन्सर बसवून लोकांना चालवून मोजलंय, साध्या सपाट रस्त्यावर चालताना प्रत्येक पावलाला सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीचपट भार येतो, जिना चढताना तिपटीच्या आसपास, आणि उतरताना त्याहून जास्त, जवळजवळ साडेतीनपट. म्हणजे ७० किलोच्या माणसाच्या गुडघ्यावर उतरताना एका पायरीला २४० किलोच्या आसपास. बाबा हे ऐकून म्हणाले की मग लिफ्टचा मेंटेनन्स उगाच भरत नाही आपण. (लिफ्ट आठवड्यातून तीन दिवस बंद असते तो भाग वेगळा.)

हे समजलं की एक गोष्ट आपोआप समजते, की दोनशे-अडीचशे किलोचा भार एक कापडी नळी उचलू शकत नाही. साधी नी कॅप वजन घेत नाही. मग ती घातल्यावर बरं का वाटतं? दाब मिळतो, ऊब मिळते, आणि कातडीला सारखा स्पर्श राहिल्यामुळे मेंदूला गुडघा नेमका कुठे आहे, किती वाकलाय याची खबर जरा जास्त चांगली लागते, त्यामुळे पाऊल टाकताना धाकधूक कमी होते. एवढंच. पण ज्या बाईने पडायच्या भीतीने खाली उतरायचंच सोडलंय तिच्यासाठी एवढंच पुष्कळ असतं.

मिळतं काय काय

मेडिकलवाल्याला "गुडघ्याचा पट्टा द्या" म्हटलं की तो ओढून चढवायची नी कॅप काढून देतो, कारण तीच सगळ्यात जास्त खपते, जोडी अडीचशे-तीनशेपासून मिळते. किरकोळ दुखणं, चालताना जरा आधार वाटावा, थंडीत गुडघा आखडतो, अशांना ती ठीक आहे. तिच्यातच एक प्रकार येतो ज्याला पुढे वाटीच्या जागी गोल भोक असतं. वाटीवर दाब पडला की ज्यांना कळ येते, म्हणजे खुर्चीतून उठताना, जिन्यावर वाटीच्या मागे दुखतं, त्यांना भोकवाली बरी पडते. भोकाच्या कडेने जाड गोल रिंग असेल तर वाटी जागेवर राहायला जरा मदत होते.

दुसरा प्रकार गुंडाळायचा, वेल्क्रोवाला. म्हाताऱ्या माणसांसाठी मी डोळे मिटून हाच सांगते. कारण ओढून चढवायची कॅप चढवायला बोटांत जोर लागतो, खाली वाकावं लागतं, आणि ज्यांचे गुडघे गेलेत त्यांची बोटंही बऱ्याचदा दुखत असतात. आई कॅप चढवताना जे हुश्शहुश्श करायची ते ऐकून वाटायचं की पट्ट्यापेक्षा दुखणं परवडलं. गुंडाळायचा पट्टा पाय लांब करून खुर्चीत बसून लावता येतो, आणि सूज सकाळ-संध्याकाळ कमीजास्त होत असेल तर तसा सैल-घट्ट करता येतो.

मग येतो हिंजवाला, म्हणजे दोन्ही बाजूंनी धातूच्या पट्ट्या आणि मधे बिजागरी. हा दुखण्यापेक्षा गुडघा दगा देतो त्यासाठी. चालता चालता गुडघा एकदम बाजूला निसटल्यासारखा होतो, पाय लटपटतो, लिगामेंटची, म्हणजे सांध्यातली हाडं एकमेकांना बांधून ठेवणाऱ्या बंधाची, जुनी दुखापत आहे, अशांना. हा घ्यायच्या आधी ऑर्थोला एकदा दाखवाच, कारण गुडघा दगा का देतोय ते कळायला हवं, लिगामेंट आहे की मांडीचे स्नायू गेलेत की आत काही अडकतंय.

अनलोडर नावाचा आणखी एक असतो. आपल्याकडे बऱ्याच आज्यांचे पाय धनुष्यासारखे बाहेर वाकलेले दिसतात ना, तिथे गुडघ्याची आतली बाजू जास्त झिजलेली असते. हा पट्टा तीन ठिकाणी दाब देऊन आतल्या बाजूवरचा भार थोडा बाहेरच्या बाजूला सरकवतो. म्हणजे वजनाशी थोडाफार खेळणारा हा एकच. पण महाग, कित्येक हजारांत जातो, अवजड असतो, साडीखाली तर फुगलेला दिसतो, आणि तो ऑर्थोटिस्टकडून, म्हणजे असे पट्टे मापाने बसवून देणाऱ्या तज्ज्ञाकडून, बसवून घ्यावा लागतो. तो ऑनलाइन मागवून बसवायच्या फंदात पडू नका.

वाटीच्या बरोबर खाली लावायची बारीक पट्टी मिळते, ती बॅडमिंटन, व्हॉलीबॉलवाल्यांसाठी, उड्या मारून वाटीखालची शीर दुखते त्यांना. आजीला तिचा उपयोग नाही. आणि तो लांबलचक, मांडीपासून पोटरीपर्यंतचा, आत सळ्या घातलेला, तो गुडघा वाकूच नये म्हणून असतो. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका मुलाच्या ॲक्सिडेंटनंतर उरलेला तोच घालून महिनाभर फिरत होते, पाय लाकडासारखा ताठ ठेवून, आणि मग म्हणे कंबर का दुखते.

चुंबकं, गरम होणारे दगड, तांब्याचे धागे यांच्यासाठी जास्तीचे पैसे देऊ नका. सांध्यातली झिजलेली गादी चुंबकाने परत येत नाही. त्यातला उपयोगी भाग म्हणजे त्याचा कापडी पट्टा, आणि तो चुंबकाशिवाय अर्ध्या किमतीत मिळतो. हल्ली ते स्प्रिंगवाले पण दिसतात, उठताना स्प्रिंग पायाला ढकलते असे. ते नीट काम करायला खूप आवळून बांधावे लागतात आणि बसताना तीच स्प्रिंग उलटी आडवी येते, त्यामुळे तोल कच्चा असलेल्या माणसाला मी तरी देणार नाही.

टेप, आणि फक्त टेप

आता मुख्य मुद्दा. नव्वद टक्के तक्रारी साइझच्या असतात असं मी म्हणेन, आकडा माझा आहे, अनुभवाने. दुकानदार तुमच्याकडे वरून खाली बघतो आणि म्हणतो "एल बसेल". तो तुमच्या ड्रेसची साइझ सांगतोय, गुडघ्याची नाही. जाड बाईचा गुडघा बारीक असू शकतो, बारीक बाईचा गुडघा सुजून जाड. शिवाय एका कंपनीचा एल म्हणजे दुसऱ्या कंपनीचा मीडियम, त्यामुळे "माझी साइझ एल" हे वाक्यच विसरा. लक्षात ठेवायचा तो सेंटीमीटरचा आकडा.

मापायचं असं. उभं राहायचं, पाय किंचित सैल, गुडघा ताठ आवळून नाही. वाटीचा मध्य बोटाने शोधा आणि पेनाने छोटा ठिपका काढा. शिंप्याची कापडी टेप त्या ठिपक्यावरून गोल फिरवा, टेप सगळीकडून सारख्या उंचीवर हवी, मागे खाली घसरलेली नको (इथेच चुकतं, म्हणून दुसऱ्या माणसाने मापावं). टेप कातडीला टेकेल इतकीच, रुतवायची नाही. हा झाला गुडघ्याचा घेर. काही पट्ट्यांना, खासकरून हिंजवाल्यांना, वाटीच्या वर साधारण १५ सेंटीमीटरवर मांडीचा घेर आणि खाली पोटरीचा घेर पण लागतो. बॉक्सच्या मागे चित्र असतं त्यात कुठे मापायचं ते दाखवलेलं असतं, ते चित्र बघूनच ठरवा. ऑनलाइन घेताना साइझ चार्टचा फोटो नसेल तर तो पट्टा सोडून द्या.

दोन्ही गुडघे वेगवेगळे मापा. आईच्या डाव्या-उजव्यात दोन सेंटीमीटरचा फरक निघाला, त्यामुळे जोडी घेऊन उपयोगच नव्हता. आणि सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा मापा. संध्याकाळी माप बरंच वाढत असेल तर ओढायची कॅप नकोच, वेल्क्रो घ्या. माप दोन साइझच्या बरोबर सीमेवर आलं तर मोठी घ्या. लोक नेमके उलटं करतात, घट्ट असेल तर जास्त आधार मिळेल म्हणून लहान घेतात, आणि मग ती ड्रॉवरमध्ये जाते.

दुकानात घालून बघायला लाजू नका. ज्या दुकानात बसायला स्टूल आहे अशा सर्जिकलच्या दुकानात जा, गुडघ्याच्या वर सरकवायला सोपा असा ड्रेस घालून जा, पट्टा चढवा आणि दुकानातच दहा पावलं चाला, स्टूलवर पाच वेळा बसा-उठा. बसल्यावर गुडघ्याच्या मागे कापड गोळा होऊन रुततंय का, उभं राहिल्यावर वरची कड गुंडाळून खाली येतेय का, एवढं बघा. आमचा एक दुकानदार "ताई, सील उघडलं की परत घेणार नाही" म्हणून अडून बसला होता, आम्ही दुसरीकडे गेलो.

घालायचा कसा

खुर्चीत बसा, टाच जमिनीवर, गुडघा थोडा वाकलेला. ओढायची कॅप असेल तर आधी अर्धी उलटी दुमडा मोज्यासारखी, पाय घाला, खालची अर्धी जागेवर आली की वरची उलगडा. पूर्ण कॅप टोकाला धरून खेचत वर आणली की इलास्टिक लवकर ढिलं पडतं आणि शिलाई उसवते. वाटी बरोबर भोकात किंवा रिंगच्या मधोमध यायला हवी, आणि गुडघ्यामागच्या खळगीत एकही चुणी नको. ती चुणीच दोन तासांनी करकचते.

हिंजवाला असेल तर आधी बिजागरी गुडघ्याच्या वाकायच्या जागेला दोन्ही बाजूंनी समोर आणा, मग वाटीखालचा, पोटरीच्या वरच्या भागाचा पट्टा आधी लावा, मग मांडीचा. बहुतेकांत हाच क्रम चालतो, कारण पोटरीचा फुगवटा पट्ट्याला खाली घसरू देत नाही. वरचा आधी आवळला तर सगळं सामान चालता चालता घोट्याकडे यायला निघतं. तुमच्या पट्ट्यासोबतच्या कागदावर वेगळा क्रम असेल तर तोच खरा.

घट्ट किती? कडेच्या आत दोन बोटं सरकायला हवीत. पाच मिनिटांनी पायाच्या अंगठ्याचं नख दाबून सोडा, पांढरं झालेलं नख दोन-तीन सेकंदांत परत गुलाबी व्हायला हवं. मुंग्या येतायत, पाऊल गार पडलंय, निळसर दिसतंय, घोट्यापाशी सूज चढतेय तर काढा, लगेच, "घरी जाऊन काढते" नाही. काढल्यावर हलकी लाल रेघ दिसली आणि अर्ध्या तासात गेली तर चालतं. खोल वळ राहिला तर साइझ चुकलीय.

तेल आणि बामबद्दल वेगळं सांगते कारण हा आपल्याकडचा खास घोळ आहे. गुडघ्याला तेल चोळायचं, त्यावर बाम, त्यावर पट्टा, वर शेकायची पिशवी, असा चार मजली कार्यक्रम आमच्याकडे रोज चालायचा. बाम किंवा दुखण्याचं जेल लावून वरून पट्टा घट्ट बांधला की ते औषध कातडीत कोंडलं जातं, आग होते, फोडही येऊ शकतात. तेलाने पट्टा घसरतो आणि त्याचं रबर खराब होतं. तेल-बाम रात्री, पट्टा काढल्यावर. सकाळी पाय धुवून, कोरडा पुसून मगच पट्टा. आणि पट्ट्याच्या वरून शेक कधीच नाही.

साडीवाल्यांसाठी, परकराच्या आत घालायचा हे उघड आहे, पण बाहेर असताना काढायची वेळ आली तर काय करायचं ते आधी ठरवा. आईला आम्ही वेल्क्रोवाला घेतला त्याचं एक कारण हेच, नातेवाइकांकडे आतल्या खोलीत जाऊन अर्ध्या मिनिटात काढता येतो. पंजाबी ड्रेस असेल तर चुडीदार विसरा, सैल सलवार. पातळ सुती लेगिंगवर पट्टा लावला तर घाम टिपला जातो आणि कातडी वाचते, फक्त जरा जास्त घसरतो. मुंबई-कोकणाच्या हवेत निओप्रीनचा, म्हणजे त्या जाड रबरी स्पंजासारखा पट्टा एप्रिल-मेमध्ये तासभरही सहन होत नाही. इकडच्यांनी विणलेल्या, हवा खेळणाऱ्या कापडाचा घ्यावा, निओप्रीन नाशिक-पुण्याच्या थंडीत ठीक. निओप्रीनची काहींना ॲलर्जीही येते, पट्ट्याच्या आकाराचंच लाल खाजरं चट्टं उठतं. तसं झालं तर पावडर टाकून रेटू नका, पट्टाच बदला.

किती वेळ, आणि पाय कमजोर होतात का

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो आणि प्रत्येक काकूकडे याचं उत्तर तयार असतं की पट्टा लावला की सवय लागते, पाय लुळे पडतात. इंग्लंडमध्ये वाटीमागचा सांधा झिजलेल्या लोकांना सहा आठवडे मऊ पट्टा लावायला देऊन बघितलंय, दिवसातले बरेच तास ते लावत होते, त्यांचं दुखणं कमी झालं आणि मांडीच्या स्नायूची ताकद काही घटली नाही. त्यामुळे ती भीती जरा जास्तच आहे. खरी भीती वेगळी, की पट्ट्याने बरं वाटलं म्हणून माणूस व्यायाम सोडतो. पाय त्याने कमजोर होतात.

मोठमोठ्या डॉक्टर मंडळींचंही याबाबत पूर्ण एकमत नाही बरं का. अमेरिकेतल्या सांधेविकार तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शनात म्हटलंय की झिजलेल्या गुडघ्यामुळे चालणं, सांध्याची स्थिरता किंवा दुखणं यांचा फारच त्रास होत असेल तर पट्टा जरूर द्या. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शनात म्हटलंय की सरसकट देऊ नका, गुडघा अस्थिर असेल किंवा भार वेडावाकडा पडत असेल, आणि पट्ट्याशिवाय व्यायाम जमत नसेल किंवा लागू पडत नसेल, आणि पट्ट्याने हालचाल सुधारेल असं वाटत असेल, तरच द्या. मला ब्रिटिशांचं जास्त पटलं. म्हणजे पट्टा लावून हालचाल वाढणार असेल तर लावा. पट्टा लावून सोफ्यावर बसणार असाल तर तो सोफ्यालाच लावा.

आमच्याकडे नियम असा झालाय: खाली उतरायच्या आधी लावायचा, परत आलं की चपलांबरोबर काढायचा. घरात स्वयंपाकघरात उभं राहायचं काम लांबलं, म्हणजे दिवाळीचा फराळ वगैरे, तरच घरात. झोपताना कधीच नाही. नवीन पट्टा पहिल्या दिवशी अर्धा तास, मग रोज थोडं वाढवत. वारीला जाणारी मंडळी निघायच्या आदल्या दिवशी नवीकोरी कॅप घेतात आणि आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या रस्त्याला लागतात, दिवे घाटापर्यंत गुडघ्यामागे सालटी निघालेली असतात. निदान दोन आठवडे आधी घ्या, रोज घालून गावात फिरा, आणि सोबत दुसरी जोडी ठेवा, कारण पावसात भिजलेली कॅप तशीच घालून चाललं की कातडी सोलते.

व्यायाम तीनच सांगते, फिजिओने आईला दिलेले. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती गुडघ्याने खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा. दुसरा, एक पाय दुमडून दुसरा सरळ ताठ, वीतभर उचलून धरायचा. तिसरा, खुर्चीतून हाताचा आधार न घेता किंवा कमीत कमी घेऊन उठायचं-बसायचं, खुर्ची भिंतीला टेकवून. तिसरा आई सुरुवातीला पट्टा लावून करायची, आता तसाच करते. दुखणं वाढलं तर थांबायचं आणि विचारायचं, दात-ओठ खाऊन करायचं नाही.

पट्ट्याच्या जोडीला

पट्ट्यावर जेवढा खर्च करता त्यापेक्षा कमी खर्चात होणाऱ्या काही गोष्टी आहेत आणि त्या आधी करा असं मी म्हणेन. मोरीतलं वीतभर उंचीचं स्टूल फेकून द्या, उंच प्लॅस्टिकचं आणा. इंडियन संडास असेल तर वर ठेवायची कमोड खुर्ची मिळते सर्जिकलच्या दुकानात. विळी ओट्यावर आणा किंवा सुरी वापरा. हळदीकुंकवाला, सत्यनारायणाला खुर्ची मागायची लाज सोडा, आता निम्म्या बायका खुर्चीतच असतात आणि पूजा काही अडत नाही.

जिन्याला कठडा धरा. चढताना चांगला पाय आधी वर, उतरताना दुखरा पाय आधी खाली, एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. गर्दीच्या रेल्वे ब्रिजवर मागचे लोक चिडतात, चिडू देत. काठी वापरायची तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात, म्हणजे उजवा दुखतो तर डाव्या हातात, आणि उंची मनगटाच्या घडीइतकी. बहुतेक लोक दुखऱ्या बाजूलाच धरतात. आईला काठी "म्हातारी दिसते" म्हणून नको होती, मग आम्ही लांब दांड्याची छत्री दिली, तळाला रबरी टोपी बसवून. पावसाळा संपला तरी ती छत्री घेऊनच फिरते. आणि वजन. त्यावर कुणाला ऐकायचं नसतं, पण जाड आणि गुडघे झिजलेल्या लोकांवर केलेल्या मोजणीत एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोने कमी झालेला दिसला, तेवढं सांगून गप्प बसते.

पट्टा घेऊ नका, आधी डॉक्टर

गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप, तर आजच जा. पडल्यावर गुडघा फुगला आणि पायावर भारच घेता येत नाही. गुडघा मधेच अडकतो, सरळच होत नाही. एकाच पायाची पोटरी सुजून दुखतेय, ती नसेत गुठळी असू शकते, त्यावर पट्टा आवळणं धोक्याचं आहे, आणि सोबत धाप लागत असेल तर थेट इमर्जन्सीत. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालीय त्यांना पट्टा रुततोय हे कळतच नाही, जखम झाल्यावर दिसते. त्यांनी, आणि पायातलं रक्ताभिसरण कमी असलेल्यांनी, मोठ्या फुगलेल्या नसा असलेल्यांनी विचारल्याशिवाय लावू नये. आणि दोन-तीन आठवडे नीट साइझचा पट्टा नीट लावूनही काहीच फरक नसेल तर चौथा पट्टा घेऊ नका, एक्सरे काढून घ्या.

धुणं राहिलं. रोज घातला तर निदान एक दिवसाआड धुवा, हाताने, साध्या साबणाच्या पाण्यात, वेल्क्रो बंद करून, नाहीतर त्यात केस आणि धागे अडकून तो पकडेनासा होतो. हिंजच्या सळ्या निघत असतील तर आधी काढून ठेवा आणि कुठली डावी-उजवी ते खुणा करून ठेवा, आम्ही एकदा उलट्या घातल्या होत्या. पिळायचा नाही, टॉवेलमध्ये दाबायचा आणि सावलीत वाळवायचा, उन्हात रबर कडक होतं. मशीन आणि ड्रायर नाही. वेल्क्रोतला कचरा जुन्या टूथब्रशने निघतो.

आणि इलास्टिक कायमचं नसतं. आईचा पट्टा नवीन असताना ती जिथे वेल्क्रो लावायची तिथे मी बॉलपेनने रेघ मारून ठेवलीय. आता ती त्या रेघेच्या बोटभर पुढे लावायला लागलीय, आणि तिचा गुडघा काही बारीक झालेला नाही हे मी परवाच मापून बघितलं, तेव्हा या रविवारी नवीन आणायचा आहे.